कमी भरणारा शेर

जानेफळला मेहकरच्या बसला उशीर होता, म्हणून मी सहज तिथल्या एका निवृत्त गुरुजींच्या संग्रहालयात शिरलो. त्यानंतर अनेकदा गेलो. जुन्या धान्यदुकानाच्या त्या खोलीत केवळ धान्याची मापे आहेत. प्रत्येक मापाखाली ते कोणाच्या घरून आले, याची चिठ्ठी असते. येणाऱ्याने शेराच्या मापाने चार वेळा ज्वारी भरून स्वतःच्या हाताने चार शेरांच्या पायलीत ओतावी, असा गुरुजींचा आग्रह असतो. पायली काठोकाठ भरली, की ते म्हणतात, "हाव! हिशोब हातालेच समजते."

एकदा मी कोपऱ्यातला, चिठ्ठी नसलेला शेर उचलला. चार वेळा ओतूनही पायली भरली नाही.

"हा कोणाचा हो?" मी विचारले.

आतून त्यांच्या पत्नी त्यांनाच म्हणाल्या, "राहू द्या ना गुरुजी. गेलेल्या माणसाले काऊन बोल लावता?"

गुरुजींनी सावकाश चिठ्ठी लिहिली : 'आमच्याच दुकानातला. माझे आजोबा याने धान्य विकत. कमी भरतो.'

"दुसऱ्याचा असता, तं नाव लिवलंच असतं ना म्या?" ते पत्नीला म्हणाले.

शेर त्यांनी दाराजवळच्या पहिल्या फळीवर ठेवला. आता येणाऱ्याच्या हाती ते प्रथम तोच देतात.