अळ्यांच्या खेळाचा मालक

अल्ताफ घडीसाजाला राजुऱ्यात सगळे ओळखत, आणि सगळेच त्याच्यावर थोडा थोडा संशय घेत. दोष त्याचा नव्हता, धंद्याचा होता. घड्याळ दुरुस्तीला टाकलं की आतला चांगला पुर्जा जातो आणि भंगार बसतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. अल्ताफने त्यावर आपला कायदा केला होता. घड्याळ उघडायचं ते मालकाच्या नाकासमोर, झाकायचं तेही त्याच्याच नाकासमोर. मालकाला चहाला जायचं असेल तर त्यानं उघडं घड्याळ तळहातावर घेऊन जावं.

"डोळे तुमचे, घड्याळ तुमचं. मंग मले चोट्टा म्हणायले तोंड राहणार नाई," असं तो तोंडावर सांगायचा. गिऱ्हाइकाला राग आला तर येऊ दे. अल्ताफचा स्वतःचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, दुसऱ्याच्या रागाला तिथं जागा नव्हती.

पंधरा दिवसांतून एकदा तो पहाटेच्या एसटीने सिरोंच्याच्या बाजाराला जायचा. लांबचा पल्ला, अर्ध्याहून जास्त जंगल. पण गोदावरीकाठच्या, आंध्रच्या सीमेवरच्या त्या बाजारात नऊ वर्षांत त्याची बैठक पक्की झाली होती. मल्लय्या सेठच्या कृषी केंद्रासमोर, टिनाच्या सावलीत, सतरंजीवर. मल्लय्या बियाणं, खत आणि फवारणीची औषधं विकायचा. मिरचीवाले, कापूसवाले दिवसभर त्याच्या दारात. बाटली घेता घेता घड्याळात सेल टाकून घ्यायचे. दोघांचंही चालायचं.

मल्लय्याच्या गल्ल्याजवळ एक खेळणं असायचं. जावयानं दुबईहून आणलेलं, तिथंही जुनंच घेतलेलं. डबीसारखं उघडणारं, आत दोन बारके पडदे. वरच्या पडद्यावर वेलीवरून अळ्या सरकत यायच्या, खालच्यावर कोळी, आणि मधल्या शिडीवर हातात फवारा घेतलेली एक पोरगी खालीवर पळायची. बटण दाबलं की फवारा. चुकलं की झाड गेलं. ते खेळणं वेळही दाखवायचं आणि गजरही द्यायचं. मल्लय्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

"खेळ रा. हात थांबला का झाड गेलं, बघ," म्हणायचा. दोन-तीन डाव हरलेला माणूस घरी जाताना एक बाटली जास्त घेऊन जायचा. अल्ताफ सतरंजीवरून पाहायचा आणि गालात हसायचा. पडद्यावरच्या अळीचा धाक घालून खरं औषध विकणारा असा बहाद्दर त्यानं दुसरा पाहिला नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर खेळणं बिघडलं. मल्लय्या ते घेऊन सतरंजीजवळ उकिडवा बसला.

"अळी दिसत नाही अल्ताफभाई. झाड मात्र जाते."

"तुमचंच औषध मारलं असन कोणी," अल्ताफ म्हणाला.

बाजूचे मिरचीवाले खो खो हसले. मल्लय्या हसला नाही.

बिघाड अल्ताफच्या लक्षात आला. पडद्याखाली रबराची बारीक पट्टी असते, तिच्यातून वीज चढते. पट्टीवर मळ बसला की चित्राचे तुकडे गायब होतात. ती साफ करायला वारा नको, धूळ नको. बाजारात दोन्हींचा सुकाळ. मल्लय्याच म्हणाला, "घेऊन जा घरी. पुढच्या बाजाराला आण." अल्ताफने नऊ वर्षांत पहिल्यांदा आपला कायदा मोडला.

घरी पट्टी साफ झाली, अळ्या परत आल्या. बायको नाहीद दोन दिवस स्वयंपाक करता करता खेळत होती.

"अळी मारतेस का भाजी करतेस?" अल्ताफने विचारलं.

"भाजीतली तुमी पाहा, ह्या मी पाहते," ती म्हणाली. मग पडद्याकडे पाहत विचारलं, "घरी कसं काय आणलं पण? मालकाच्या समोर नाई उघडलं?"

"त्यानंच देल्लं."

"चिठ्ठी घेतली?"

"नऊ वर्षांचा माणूस आहे तो. त्याच्याकून चिठ्ठी घेऊ?"

नाहीदनं पुढची अळी मारली.

घडीसाजाची एक रीत असते. गजराची वस्तू एकदा वाजली म्हणून दुरुस्त झाली असं तो मानत नाही. रोज एकाच वेळेला लावून आठ दिवस ऐकतो. अल्ताफने खेळण्याचा गजर दुपारी बाराला लावला होता. रोज बारा वाजता तो वाजायचा, रोज अल्ताफ मान हलवायचा. बाजाराच्या पहाटे त्यानं खेळणं रुमालात गुंडाळलं, अवजारांच्या पिशवीत टाकलं आणि गजर बंद करायचा विसरला.

आलापल्लीच्या बऱ्याच पुढे, जंगलातल्या पोलीस नाक्यावर एसटी थांबली. नक्षल्यांच्या धाकाच्या त्या वर्षांत त्या रस्त्यावर एसटी थांबणं ही बातमी नव्हती. माणसं न सांगता उतरायची, पिशव्या न सांगता उघडायची, साहेबाच्या डोळ्यांत न पाहता परत चढायची. सवयीचं झालं होतं. अशी सवय लागावी यात शरम कोणाची, ते कोणी विचारत नसे.

अल्ताफची पिशवी शिपायाच्या हातात होती तेव्हा बारा वाजले.

बारीक, तीक्ष्ण, थांबून थांबून टीट टीट. शिपायानं पिशवी खाली ठेवली आणि तो मागे सरकला, वळला, पळाला. कंडक्टर त्याच्याही पुढे. बायकांनी लेकरं ओढली. एका क्षणात अल्ताफ आणि पिशवी असे दोघेच रस्त्यावर उरले.

"गजर आहे साहेब!" अल्ताफ ओरडला. "खेळणं आहे!"

"हात वर! हात वर कर आधी!"

हात वर करून तो उभा राहिला. पिशवी वाजत राहिली, मग आपली आपण थांबली. थांबल्यावर लोक जास्त घाबरले. फौजदारानं लांबूनच सांगितलं, तूच उघड, हळूहळू. अल्ताफने पिशवी उघडली, रुमाल सोडला, खेळणं वर धरलं.

"नाव?"

"अल्ताफ."

"पूर्ण नाव."

"शेख अल्ताफ शेख बाबू. राजुरा. घड्याळ दुरुस्ती."

लिहिणाऱ्याचा पेन पहिल्या शब्दावरच थबकला. अल्ताफने ते पाहिलं. त्याची कानशिलं तापली. पण रानात, वर केलेल्या हातांनी राग करायचा नसतो, एवढी अक्कल रस्त्यानं त्याला दिली होती.

"घड्याळवाला. तारा, सेल, गजर, सगळं येतं तर." फौजदार म्हणाला. "हे कोणाचं?"

"सिरोंच्याचे मल्लय्या सेठ. कृषी केंद्रवाले. विचारा त्यायले."

एसटी त्याला सोडून निघून गेली. खिडक्यांतून सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्यांतले निम्मे कधी ना कधी त्याच्या सतरंजीवर बसलेले होते. वायरलेसवरून सिरोंच्याला निरोप गेला. अल्ताफ सागाच्या ओंडक्यावर बसला, निर्धास्त. मल्लय्याचा एक शब्द, की सुटलो.

तासाभरानं शब्द आला. शिपायानं कागदावरून वाचला. "मल्लय्या सांगतो, अशी वस्तू माझी नाही. सदर इसमास ओळखत नाही."

"पुन्हा वाचा," अल्ताफ म्हणाला.

शिपायानं पुन्हा वाचला. तेच होतं.

मालकच नाही म्हणतो, तर उघडायला आता परवानगी कोणाची घ्यायची? त्यानं रुमाल जमिनीवर पसरला, पिशवीतून बारका पेचकस काढला, आणि फौजदारासमोर खेळण्याचा एकेक स्क्रू सोडला. पट्टी दाखवली, सेल दाखवले, पडदे दाखवले. परत जोडलं, चालू केलं, शिपायाच्या हातात दिलं. शिपायानं पाच मिनिटं फवारा मारला, सगळी झाडं गमावली आणि म्हणाला, "खेळच आहे साहेब. अवघड आहे पण."

चार वाजता सोडलं. खेळणं परत दिलं, नाव मात्र वहीत राहिलं. "परत अशी बेवारशी वस्तू घेऊन फिरायचं नाही," फौजदारानं बजावलं. बेवारशी. अल्ताफला सगळ्यात हा शब्द लागला.

तो सिरोंच्याला न जाता घरी परतला. नाहीदनं सगळं ऐकलं. चिठ्ठीचं नाव काढलं नाही, हे तिचं मोठेपण.

पण पुढच्या बाजाराला तो गेला. गेला नसता तर वहीतलं नाव खरं ठरलं असतं. नेहमीच्या जागी सतरंजी टाकली, अवजारं मांडली, आणि सगळ्यांत पुढे, मधोमध, ते खेळणं ठेवलं. दुपार कलली तरी एक घड्याळ आलं नाही. माणसं सतरंजीला वळसा घालून जात होती. कोणीतरी तेलुगूत कुजबुजलं, कोणीतरी मराठीत. "नाक्यावर धरलं होतं म्हणतेत." "काऊन सोडलं मंग?" "सोडलं तर काही कारण असन ना!" धरणं एक संशय, सोडणं दुसरा. नऊ वर्षांची बैठक अशी एका दिवसात उठत होती, आणि ती वाचवू शकणारा माणूस दहा पावलांवर गल्ल्यात मान घालून बसला होता.

शेवटी मल्लय्या आला. पान थुंकायच्या निमित्तानं, वाकून, हळूच.

"अल्ताफभाई, दारात दोन पोलीस उभे होते. माझं लायसन आहे, दुकान आहे. काय सांगणार मी? ते गुपचूप खताच्या पोत्यामागे टाकून दे. नात रडते रोज."

"तुमचं आहे का?"

"हळू बोल ना."

"तुमचं आहे तर चार लोकात सांगा. नसन तर नात काऊन रडते?"

"अरे, समजून घे."

"समजलं मले. नाक्यावर दोनदा वाचून दाखवलं."

मल्लय्या इकडेतिकडे पाहून निघून गेला. अल्ताफने एक बंद घड्याळ उघडलं आणि परत झाकलं.

मग दुकानाच्या मागच्या घरातून मल्लय्याची बायको राजक्का बाहेर आली. हात ओले, पदर खोचलेला. ती नवऱ्याकडे न पाहता थेट सतरंजीकडे आली आणि खेळणं उचललं.

"इदि मादि!" ती ओरडली. हे आमचं आहे. पुढचं सगळं मराठीत आणि तेलुगूत, दोन्हीकडच्यांना कळावं म्हणून. "माझ्या जावयानं आणलं! माझ्या गल्ल्यावर होतं! ह्याला आम्हीच दिलं दुरुस्तीला!"

बाजार थांबला. मिरचीची पोती तोलणारा तराजू धरून तसाच उभा राहिला.

"अक्का," अल्ताफ उठून म्हणाला, "तुमचं मानतो मी. पण वायरलेसवर नाव दुसऱ्याचं गेलं होतं. वहीत त्यायचं उत्तर आहे."

राजक्का वळली. "ए! बाहेर ये! का मीच दुकान चालवू?"

मल्लय्या बाहेर आला. लोकांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, जमिनीकडे पाहून पुटपुटला, "हो. आमचंच."

"जोरात," अल्ताफ म्हणाला.

"आमचंच आहे! मी दिलं होतं! मी भ्यालो!" मल्लय्या एवढ्या जोरात बोलला, की पलीकडच्या मासळीवाल्या बायकांनीही माना वळवल्या. कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. पण ते मल्लय्यावर हसत होते.

अल्ताफने खेळणं दिलं. दुरुस्तीचे पैसे मल्लय्या देऊ लागला, त्यानं घेतले नाहीत. माफ केलं म्हणून नव्हे. घेतले असते तर हिशोब मिटला असता, आणि अल्ताफला तो मिटवायचा नव्हता. त्या संध्याकाळपर्यंत तीन घड्याळं आली. त्यानंतरच्या बाजाराला सात.

त्यानं सिरोंचा सोडलं नाही. सतरंजी मात्र मल्लय्याच्या टिनाखालून उचलून उन्हात, रस्त्याच्या कडेला टाकली. कोणाची वस्तू घरी नेली नाही. आणि आणखी एक नवी खोड त्याला लागली. पुढच्या उन्हाळ्यात अहेरीकडचा लालसू नावाचा म्हातारा मनगटी घड्याळ घेऊन सतरंजीवर बसला. अल्ताफने ते हातात घेण्याआधी बाजूच्या दोन माणसांना हाक मारून जवळ बोलावलं.

"हे घड्याळ कोणाचं, दादा?"

"माह्यं."

"जोरात सांगा. ह्यायले ऐकू गेलं पाहिजे."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे, त्या दोघांकडे, आणि परत त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

"काऊन बा? चोरीचं वाटून राह्यलं का तुले?"

"नाई दादा," अल्ताफ म्हणाला. "पण उद्या कोणी इचारलं तर?"

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. मग घड्याळ परत मनगटावर बांधलं, आणि बांधलेलंच मनगट अल्ताफसमोर धरलं.

"मंग असंच कर दुरुस्त," तो म्हणाला.