नादारीचा अर्ज आणि शेरवानी

काल नातीनं कपाट उघडलं, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांनीही फिरतं.

पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, तशी माझ्या वडिलांची, आबांची, त्याच्या कचेरीतली नोकरी गेली. मी कॉलेजात गेले तेव्हा ते शहागंजात एका दुकानात कापड फाडून द्यायचे. फी माफ व्हावी म्हणून मी नादारीचा अर्ज केला. सहीसाठी कॉलेजच्या कचेरीत वडिलांना बोलावलं. आबांनी ट्रंकेतून डांबराच्या गोळ्यांत जपलेली जुनी शेरवानी काढली. "कचेरीत शेरवानीबिगर जायचं नाय, बेअदबी होती," म्हणाले आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

कारकुनानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शेरवानी घालता अन् नादारी मागता व्हय?" अर्ज तिथंच परत केला. आबा नुसतं "जी" म्हणाले. मला वाटलं, शाईची दौत त्या माणसाच्या डोक्यावर ओतावी! त्या वर्षी आईच्या पाटल्या मोडल्या.

पुढच्या वर्षी मी ट्रंकेची किल्ली लपवली आणि आबांना ठिगळाच्या सदऱ्यात नेलं. त्याच कारकुनानं ठिगळाकडं बघितलं. "हां, आता पटलं!" म्हणाला मेला, आणि अर्ज मंजूर.

बाहेर आल्यावर आबा शांतपणे म्हणाले, "झालं ना काम? आता ती किल्ली जागेवर ठेव."