कंसातलं शून्य

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये राहतो आणि मला त्याचा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला समजुतीच्या गोष्टी सांगायला येऊ नये.

गेल्या दिवाळीत तो अकोल्याला आला तेव्हा त्यानं आईच्या हातावर आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवलं. व्हॉट्सॲप बंद केलेलं, कारण साहेबांच्या डोक्याला त्रास होतो. दर रविवारी तोच फोन करणार, तोही असा की इकडे नंबरच उमटत नाही. आम्हाला गरज पडली तर ते कार्ड, बस. त्यावर अधिक चव्वेचाळीस, मग कंसात शून्य, मग पुढचे आकडे.

आता आमच्या घरी बाहेरगावचा नंबर म्हटला की आधी शून्य. एसटीडीच्या काळापासून हाताला लागलेली सवय. मी अमरावतीत असते, तर आई अजूनही माझ्या मोबाइलला शून्य लावूनच फोन करते. लागतो बरोबर. अन् इंग्लंड तर केवढं बाहेरगाव बाप्पा!

उन्हाळ्यात आईच्या आतड्याला पीळ पडला. मी अमरावतीहून पोचेपर्यंत डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवून टाकलं होतं. ही बाई स्ट्रेचरवर, नाकात नळी, अन् म्हणते, "त्याचा आवाज आयकल्याबिगर मी आत जात नाई. वापस आली नाई तं?"

मी कार्डावरचा नंबर लावला, शून्यासकट. हा नंबर अस्तित्वात नाही, असं तिकडून कोणी बाई इंग्रजीत सांगे. पुन्हा लावला. अधिक काढून सुरुवातीला दोन शून्यं लावून पाहिली. तेच. मी क्लासमध्ये गणित शिकवते, कंस आधी सोडवा म्हणून रोज पोट्ट्यांवर ओरडते. हा कंस मुळात धरायचाच नसतो, हे मला कोण सांगणार?

"लागला का वं?" आई विचारून राहिली.

"लावून राहिली न मी!" मी खेकसले. अशा अवस्थेतल्या बाईवर खेकसले, ते त्याच्यापायी. शेवटी सिस्टरनं स्ट्रेचर ढकललं. आई दारापर्यंत मान वळवून माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होती.

वाचली. रविवारी साहेबांचा फोन आला. सगळं सांगितलं, तर आधी रडला, मग म्हणतो, "अगं ताई, ते शून्य इथल्यांसाठी असतं. देशाचा कोड लावला की शून्य काढायचं. इतकं साधं आहे."

"साधं?" मी सुटलेच. "कार्ड कोणाले देलं तू? तिथल्या पोस्टमनले? तुह्या मायले देलं नं! तिले काय समजते तुमचा कंस? पेन घेऊन ते शून्य खोडाले तुहे हात तुटले होते काय?"

तो बारीक आवाजात म्हणाला, "आईला दे."

आई उशीला टेकून सगळं ऐकत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. तिकडून "आई, मी बोलतोय, आई" मलाही ऐकू आलं. तिनं पुरतं ऐकून घेतलं.

"राँग नंबर हाय," ती म्हणाली. "ठेवा."