इजलासाबाहेरचा बाक

आसगावात केशवरावसारखा आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. हे काही तो एकटाच म्हणे असं नाही, पुरं गाव म्हणे. तो जरा जास्त वेळा म्हणे, एवढंच.

शिक्षण आठवी. पण तेव्हाची आठवी! आताच्या बी.ए.वाल्याले पाणी पाजणारी. बाप डोमा दुसऱ्याच्या बांधीत धान रोवता रोवता गेला. मागं दोन पोरं राहिले, मोठा केशव अन् लहाना हिरालाल. हिरालालच्या हाती नांगर आला. केशवरावले तालुक्याच्या कोर्टात शिपायाची नोकरी लागली, अन् तिथंही सगळ्यात भारी काम भेटलं. पुकाऱ्याचं.

जजसाहेब इजलासावर बसले का केशवराव दाराशी उभा राहे, छाती भरून श्वास घे अन् माणसाचं नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारे. "अमुक वल्द तमुक, हाजिर होऽऽ!" बाहेर चिंचेखाली चहा पिणारा माणूस कप तसाच ठेवून पळत ये. नव्व्याण्णव साली जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला. तेव्हा पानठेल्यावर केशवरावनं सांगून टाकलं, "जिल्हा अर्धा झाला बाबू, आपली पुकार पुरीच आहे. वारं असलं तं गोंदियापावतर जाते!"

सुट्टीच्या दिवशी आंगणात त्याची लाकडी खुर्ची निघे. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नसे. केशवराव बसे अन् सुरू होये. "आज इजलासात काय झालं मालूम?" इजलास हा शब्द तो असा म्हणे का जशी बापाची कमाई. हिरालाल उंबऱ्यावर बसून ऐके. एकच गोष्ट वीसदा ऐकली असली तरी मधात म्हणे, "मंग काय झालं, दादा?" तो 'मंग काय झालं' नसता तं केशवरावची अर्धी ऐट तिथंच मेली असती.

एक गोष्ट मात्र केशवराव कोणाले सांगत नसे. इजलासात साहेब बसत, वकील बसत, लिहिणारा बाबू बसे. हा सकाळी अकरापासून उभा. घरी आला का घोटे सुजलेले राहत. त्याची बायको मालनबाई कोमट तेल लावे अन् म्हणे, "इजलास पायात उतरला वाटते."

"चूप बस," तो म्हणे. "भाऊसुनेले ऐकू जाईल, ती हिराले सांगंल."

जिल्हा तुटल्याच्या तिसऱ्या साली, रोवणीच्या दिवसात, हिरालालले साक्षीचा समन्स आला. पाटाच्या पाण्यावरून गावात दोघाईची मारामारी झाली होती, अन् ती यानं पाहिली होती. सकाळच्या एस.टी.नं तो तालुक्याले आला. पंधरा दिवस चिखलात उभं राहून पायाले चिखल्या झालेल्या, बोटाच्या बेचक्यातून कातडं निघालेलं. चप्पल हातात. कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाक होता. त्याच्यावर तो टेकला, अन् भावाले पाहून हासला.

त्याच वेळी तीन-चार वकील तिकडून येऊन राहिले होते. केशवरावचा पांढरा ड्रेस कडक इस्त्रीचा, छातीवर पितळेचा बिल्ला. त्यानं भावाच्या पायाकडं पाहिलं. पायाचा चिखल फरशीले लागला होता.

"ए, ऊठ," तो म्हणाला. "हा वकील लोकाईचा बाक आहे."

असा काही नियम नव्हता. कोणत्याच साहेबानं कधी असं सांगितलं नव्हतं. हा नियम केशवरावनं त्याच मिनिटाले काढला.

हिरालाल उठला. भिंतीले हात लावून, एका पायावर भार देऊन उभा राहिला. दोन घंटे. मंग केशवरावनं पुकारा केला, "हिरालाल वल्द डोमाऽऽ, हाजिर हो!" माणूस चार हातावर होता, तरी तीनदा. हिरालाल लंगडत आत गेला. साक्ष झाली अन् तो परस्पर एस.टी. पकडून निघून गेला.

हिरालाल आत असताना बाहेर व्हरांड्यात जे झालं, ते त्याले मालूम नव्हतं. गावात ते एकट्या केशवरावले मालूम होतं.

त्या दिवसापासून हिरालाल उंबऱ्यावर आला नाही. भांडला नाही, बोलणं तोडलं नाही. धानाचं पोतं आलं का बैलगाडीवर स्वतः आणून टाके. केशवराव म्हणे, "बस ना रे, आज इजलासात..." तं तो म्हणे, "पाय दुखते, दादा," अन् बैल हाकले. दहा वर्षं त्याचे पाय दुखत राहिले. केशवराव खुर्चीवर बसून गोष्टी सांगे, पण 'मंग काय झालं' म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं.

केशवराव रिटायर झाला तेव्हा गावानं ठरवलं, यंदा बाबासाहेबांच्या जयंतीले त्याचा सत्कार कराचा. उन्ह उतरल्यावर जुलूस निघाला. सगळ्यात पुढं केशवराव, घोषणा त्याचीच. मंग विहारासमोर मांडवात जलसा. मंचावर चार खुर्च्या, मधातली केशवरावची. अंगावर शाल, गळ्यात पांढऱ्या फुलाईचा हार. खाली सतरंजीवर गाव बसलेलं. हिरालाल तेवढा मांडवाच्या खांबाले टेकून उभा होता.

सत्कारात बोलाले उभी राहिली तृप्ती, हिरालालची पोरगी. नागपूरले एम.ए. करून राहिली होती. बाकाच्या वेळेस ती सातवीत होती, तिले त्यातलं काहीच मालूम नव्हतं.

"आमच्या सरांनी एक गोष्ट शिकवली," ती म्हणाली. "अरबी भाषेत तीन अक्षरांचं एक मूळ राहते, अन् एका मुळाले गंज शब्द फुटतात, ढीगभर. ज, ल, स हे असंच एक मूळ. त्याचा अर्थ बसणं. चार लोक मिळून बसले ती मजलिस. लोक ऐकाले बसले तो जलसा, जो आता आपला चालू आहे. अन् न्याय कराले बसले तो इजलास."

समोरून रत्नाबाई ओरडली, "अन् जुलूस वं? आता तं पुऱ्या गावातून चालवलं, पाय तुटले आमचे!"

मांडव हासला.

"तोही त्याच मुळाचा, रत्नाआजी," तृप्ती म्हणाली. "जुलूस म्हणजे मुळात बसणंच. राजा गादीवर बसे तेव्हा थाटमाट होये, मिरवणूक निघे. आता मिरवणूक तेवढी राहिली."

"म्हणजे चालाचं आमी अन् बसाचं राजानं!"

पुन्हा हासू झालं. तृप्ती आपल्या मोठ्या बापाकडं वळली. "आमचा आबा डोमा कोणाच्या ओसरीवर बसू शकत नव्हता. आंगणाच्या बाहेरून बोले. त्याच्याच घरातले मोठेबाबा एकतीस वर्षं इजलासात बसले. मी लहान होती तेव्हा बाबा मले म्हणे, तुझ्या मोठ्या बापानं आपल्याले बसाले शिकवलं."

टाळ्या पडल्या. केशवरावचे कान तापले. त्याले वाटलं, शालीखाली आपण उघडे आहो. 'बाबा मले म्हणे.' म्हणजे हिरालाल हे म्हणत होता. बाकाच्या आधी म्हणत होता का नंतरही? नंतरही म्हणत असंल तं मरणच.

माईक त्याच्यापुढं आला. गावानं नेहमीसारखा कल्ला केला, "पुकार होऊन जाऊ द्या, केशवराव! एक पुकार!"

तो उभा राहिला. श्वास घेतला. एकतीस वर्षांत ज्या आवाजानं कधी दगा दिला नाही, तो आवाज फाटला.

"हिरालाल वल्द डोमा..."

लोकाईनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा त्याच्यानं म्हणवलं नाही. तो माईकवर म्हणाला, "पोरी, मी तिथं बसलो नाही. एक दिवसही नाही. उभाच होतो." अन् मंचावरून खाली उतरला. लोकाईले वाटलं, म्हातारा गहिवरला.

तो खांबाजवळ गेला अन् नव्या धोतरासकट सतरंजीच्या कडेले, मातीत बसला. घोटे कडकड वाजले.

"बस ना, हिरा."

हिरालालनं खाली पाहिलं. "इथं वकील तं नाही बसत ना, दादा?"

जवळच्या रत्नाबाईले वाटलं, मजाक आहे. ती हासली. केशवराव मान खाली घालून म्हणाला, "नाही बसत, बा."

मंचावर पेटी-ढोलकी लागली, पहिलं गाणं सुरू झालं. मंग हिरालाल खांबाले धरून हळूहळू खाली बसला. मधात एक माणूस मावंल एवढी जागा सोडून.

अर्धं गाणं झाल्यावर, समोरच पाहत, तो म्हणाला, "मंग काय झालं, दादा?"

"कशाचं?"

"त्या दिवशी. मी साक्षीले आत गेलो. मंग बाहेर काय झालं? मी निघालो तं वकील लोक माह्याकडं पाहून हासत होते. तूही हासत होता."

केशवरावनं इजलासाच्या हजार गोष्टी सांगितल्या होत्या. ही एक गोष्ट त्यानं मालनबाईलेही सांगितली नव्हती. आताही खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं का ते दुसऱ्याच कोणावर हासत होते. पण हिरालाल दहा वर्षांनी त्याच्या बाजूले बसला होता.

"एका वकिलानं मले विचारलं," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक का हिरालालले वाकावं लागलं. "म्हणे, हा तुह्यासारखाच दिसते, कोण आहे? मी म्हणलो... गावचा आहे एक."

केशवरावनं शालीचं टोक हातात घेतलं.

"तो म्हणाला, बापाचं नाव तं डोमाच घेतलं तुनं, तुह्याही बापाचं डोमाच आहे ना? मी म्हणलो, आमच्या गावात डोमे गंज आहेत, साहेब. ते हासले. मंग... मंग मीही हासलो."

ढोलकी जोरात वाजून राहिली होती. केशवराव शालीचं टोक बोटाले गुंडाळत बसला. हिरालाल उठून जाईल असं त्याले वाटत होतं, अन् मान वर करून पाहाची हिंमत होत नव्हती.

हिरालालनं आपले दोन्ही पाय समोर लांब केले. बोटाच्या बेचक्यात जुने पांढरे डाग होते. तो बसूनच राहिला.