आधी आपला आकडा

मुकुंदवाडी स्टेशनामागच्या भाड्याच्या खोलीत बसून सत्यशीला क्वांटम संगणकाची झडती घेते, हे शेजाऱ्यांना सांगूनही पटलं नसतं. तिनंही कधी सांगितलं नाही. यंत्र शून्य-एकच्या लाखो ओळी ओकतं. त्या खरंच गणिताबरहुकूम आल्यात की नुसता गोंधळ आहे, हे ती संख्याशास्त्रानं तपासते. दिवसभरात तिच्याशी बोलणारा माणूस एकच, प्रयोगाचा प्रमुख शिवराज. रोज चारला बेंगळुरूहून त्याचा फोन यायचा. पाच मिनिटं काम, मग अर्धा तास इकडचं तिकडचं. त्या अर्ध्या तासावर तिचा दिवस निघायचा.

वडील मुंजाबा मेंढपाळ. संध्याकाळी मेंढरं दोघांनी मोजायची आणि दोघांचं होईतो आकडा तोंडातून काढायचा नाही, हा घरचा नेम. सत्यशीला नऊ वर्षांची असताना बापाच्या तोंडून चुकून "ब्याऐंशी" निघालं आणि या छोट्या बाईसाहेबांनी न मोजताच "माझीबी ब्याऐंशी" म्हणून टाकलं. एक गाभण मेंढी ओढ्यातच राहिली होती. सकाळी तिची लोकर तेवढी सापडली. मुंजाबा रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं.

म्हणून यंत्र किती अचूक चाललं याचा शिवराजनं पाठवलेला आकडा न उघडता तिनं प्रयोगाच्या सगळ्या फेऱ्यांवरून आपला काढला. मग त्याचा पाहिला. तो दुप्पट होता. फसलेल्या फेऱ्या त्यानं गुपचूप वगळल्या होत्या.

"एवढ्या वेळी जुळतंय म्हणा ना," तो फोनवर म्हणाला. "आपण काय परके आहोत?"

तिला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"नाही जुळत," ती म्हणाली आणि अहवालात तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले. आठवडा गेला. तिनं फोनची रेंजसुद्धा तपासली. तपासण्यात ती पक्कीच. रविवारी गुलमंडीच्या बाजारात जाऊन घ्यायचं काही नसताना कापड उलगडायला लावलं, तेवढंच कुणी "या ताई" म्हणालं.

संध्याकाळी तिनं मुंजाबाला फोन लावला. मागं मेंढरांचा कालवा चालला होता.

"मोजणी झाली का, आबा?"

"झाली. तुझं सांग. तिथं हपिसात किती जणं हाय तुम्ही?"

इतकी वर्षं ती "लई हायेत" सांगत आली होती.

"एकच, आबा. मीच."



"माझाबी आकडा तेवढाच व्हता," मुंजाबा म्हणाला. "तुझी मोजणी व्हायची वाट बघत व्हतो."