डबीतला हत्ती

बाळारामकाका माणसाला नावानं हाक मारत नसत. उरणजवळच्या आमच्या गावात ते कुणाला ‘चार सोंगट्या’ म्हणत, कुणाला ‘सहा सोंगट्या’. शेजारी असूनही मी ‘सहा’च. माझा भाऊ ‘आठ’, म्हणजे निव्वळ दगड.

काका एका जपानी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. तिथून ते जपानी बुद्धिबळ शिकून आले. त्या खेळात कसलेला खेळाडू कच्च्यासमोर बसला की आधी आपल्याच काही सोंगट्या काढून ठेवतो, समोरचा जितका कच्चा तितक्या जास्त, आणि पहिली चालही तोच करतो. तिकडे हा शिकणाऱ्याला हात देण्याचा रिवाज असेल. काकांनी त्याचा चाबूक केला. हत्ती, उंट डबीत टाकताना ते मुद्दाम खडखडाट करत. जिंकले की हसून विचारत, “अजून एक काढू?”

बायको लवकर गेली. घरात काका आणि मुलगी सुलभा. तिची एकच आस होती. बापानं एकदा तरी सगळ्या सोंगट्या मांडून आपल्याशी बरोबरीनं खेळावं. ती सहावरून चारवर आली, शेवटी फक्त हत्तीवर. तिथं काका अडून बसले. ती जिंकली तरी दुसऱ्या दिवशी हत्ती डबीतच. “बरोबरीत बसाला बरोबरीचं मानूस लागतं,” म्हणायचे.

तिला बघायला रेवसचा एक मुलगा आला. चहा येण्याआधीच काकांनी त्याला पटाशी बसवलं, घाईघाईनं चाली सांगितल्या, सहा सोंगट्या काढल्या आणि त्याच्या आईवडिलांसमोर त्याला लोळवलं. वर म्हणाले, “सहा सोरल्या तरी टिकला न्हाय. याला पोरगी देऊ व्हय?” पाहुणे पोहे तसेच टाकून उठले. सुलभाला तो आवडला होता. पुढं त्या घरात सोयरीक घेऊन कुणी फिरकलं नाही. त्या दिवशी मला काकांचा आलेला संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. सुलभाच भरवायची, आंघोळ घालायची. एका संध्याकाळी मी बसलो असताना काका अडखळत म्हणाले, “सुले, आज समद्या मांड. बरोबरीनं खेलू.”

सुलभानं पट आणला, दोन्ही बाजू नीट मांडल्या. मग आपल्या बाजूचा हत्ती उचलला, उंट उचलला आणि दोन्ही खडखडून डबीत टाकले.

“पयली चाल माजी, बाबा.”

मला उठून घरी जावंसं वाटलं, पण बसून राहिलो. काका हरले. हनुवटीवर ओघळलेली लाळ तिनं ओढणीनं अगदी हळुवार पुसली आणि विचारलं,

“अजून एक काढू?”

रिवाज काकांनीच तर गावाला शिकवला होता.

“काढ,” ते म्हणाले.