बरणी आणि दुर्बीण

उपाशीपोटी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी चहाला खाण्यात धरतच नाही, म्हणून चहा घेऊन पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीला गेलो. अर्थातच परत पाठवलं. माझ्यासाठी निजामपुऱ्यातला दवाखाना बंद ठेवून आलेले वैद्य रिक्षात एवढंच म्हणाले, "सोबत खारीसुद्धा?"

खारीसुद्धा.

'विश्वास ठेवा' म्हणणारे वैद्य तुम्ही पाहिले असतील. आमचे उलटे. "माझ्यावर नको, दुर्बिणीवर ठेवा," हे त्यांचं पालुपद.

त्यांचे वडील दिघाशी गावी पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमध-शतावरीचं चूर्ण द्यायचे. त्यांच्यामागे त्या चूर्णाची बरणी ह्यांच्याकडे आली. लोक सांगत, बरं वाटलं. ह्यांना ते पुरेना. "बरं वाटणं वेगळं, जखम भरणं वेगळं."

माझ्या जठरात अल्सर दिसला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाच गळ घातली. दीड महिना तुमच्या देखरेखीखाली माझं चूर्ण, मग पुन्हा दुर्बीण. "जखम भरली न्हाय, तर बरणी खाडीत." मला वेगळी तंबी होती, "शौचाला काळं झालं, तर माझ्याकडे यायचं न्हाय. थेट डॉक्टरांकडे पळायचं."

दीड महिना सरला, आणि मी ती खारी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वैद्य आमच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. बायकोने विचारलं, "भाऊ, तुम्हाला तरी चहा टाकू?"

"नको वहिनी. वासानं ह्यांचा जीव जायचा."

नळी घशात, मी बोलायच्या पलीकडे. लोडशेडिंगचा जनरेटर बाहेर धडधडत होता. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. वैद्यांनी विचारलं, "जखम कुठाय?"

"मीही तीच शोधतोय," डॉक्टर म्हणाले. "वण तेवढा उरलाय."

वैद्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला. मग पडद्याला हात जोडले. आता ते नाचतील असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "एका पोटानं काही सिद्ध होत न्हाय. तिखट वहिनींनी बंद केलं होतं, तेही धरायला हवं." एवढं म्हणून ते बाहेर पडले आणि सगळ्या दवाखान्याला पेढे वाटून आले. कंपाउंडरला दोनदा.

घरी येऊन उंबऱ्यातूनच म्हणाले, "वहिनी, आता टाका चहा. ह्यांना दूध. बरणी घरातच राहतेय."

वैद्य जाऊन आता वर्ष होईल. परवा त्यांच्या बंद दवाखान्यावरून आम्ही दोघं चालत येत होतो. बायको क्षणभर थांबली. म्हणाली, "तुम्हाला चहाशिवाय घराबाहेर काढलं, असा तेवढा एकच माणूस झाला."